अर्धी राहिलेली वारी पुन्हा कशी धरावी

आषाढी वारीला पहिल्यांदा निघून वाटेतून परत आलेल्या माणसासाठी हा लेख आहे. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर कसे चालावे, पायांत काय घालावे, पावसाची सोय कशी करावी, याविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. परंतु जो जेजुरीहून किंवा फलटणहून बोचके उचलून घरी आला आणि ज्याला आता पुन्हा निघण्याचे धैर्य होत नाही, त्याने काय करावे हे सांगणारे मला त्या वेळी कोणी भेटले नाही. मी २०१९ साली ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीसोबत निघाले आणि जेजुरीच्या पुढच्या वाल्ह्याच्या मुक्कामानंतर परतले. पुन्हा निघून पंढरपूरला पोहोचायला २०२२ साल उजाडले. मधली तीन वर्षे कशात गेली ते खाली येईलच. ती तुमची जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे क्रमाने मांडत आहे.

१. परत का आलात, ते कागदावर लिहा

हे काम घरी आल्यापासून आठवडाभरात करावे, कारण त्यानंतर आपण आपल्यालाच एक सोयीचे कारण सांगू लागतो. वहीच्या पानावर शेवटच्या दिवसाचा वृत्तान्त वेळेनुसार लिहावा: पहाटे किती वाजता उठलात, काय खाल्लेत, कोणाशी काय बोललात, आणि परत जाण्याचा विचार पहिल्यांदा नेमका केव्हा आला. ही शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे.

माझी हकिकत सांगते. घरी मी सांगितले की पायाला फोड आले. फोड आले होते हे खरे होते. उजव्या टाचेवर रुपयाएवढा एक आणि करंगळीखाली दुसरा. पण परतण्याचा विचार काही त्या फोडांमुळे आला नव्हता. वाल्ह्याच्या तळावर रात्री पाऊस आला, राहुटीत एका बाजूने पाणी शिरले, आणि शेजारच्या एका वयस्क बाईंनी माझे बोचके उचलून ओल्या बाजूला सरकवले व कोरड्या जागी स्वतःची वळकटी पसरली. मी काहीच बोलले नाही. पहाटे तीनला टँकरपाशी अंघोळीच्या रांगेत उभी असताना त्याच बाई दोन जणींना घेऊन माझ्या पुढे घुसल्या, तेव्हाही मी बोलले नाही. मनात मात्र एकसारखे घोळत राहिले की, हीच का ती माणसे, जी दिवसभर एकमेकांना माऊली म्हणून पाया पडतात? उजाडल्यावर दिंडी नीरेकडे निघाली. मी तिच्यासोबत नीरेपर्यंत मुकाट्याने चालले आणि तिथे कोणालाही न सांगता स्टँडवर जाऊन एसटीत बसले.

फोड आठ दिवसांत वाळले. थाप मात्र दोन वर्षांहून अधिक टिकली. पायाची तक्रार सांगितल्यावर सगळे पायाचेच उपाय सांगतात, आणि आपण नवे बूट विकत घेऊन मूळ दुखण्याला हातही न लावता बसतो.

लिहिताना कारणांचे तीन भाग पाडावेत. पहिला शरीराचा: साखर, रक्तदाब, गुडघे, जुलाब, ताप. दुसरा माणसांचा: भांडण, अपमान, एकटेपणा, घरची ओढ. तिसरा श्रद्धेचा, म्हणजे चालताना काहीच वाटले नाही, अभंग कोरडे लागले, आपण इथे का आलो असे झाले. बहुतेकांच्या बाबतीत तिन्ही थोडेथोडे असतात. त्यांतील आधीचे कोणते ते शोधायचे असते.

२. पांघरूण घालणारी वाक्ये ओळखा

परत आलेल्या माणसाला तीन वाक्ये आयती मिळतात आणि तिन्ही ऐकायला फार भाविक वाटतात. “विठ्ठलाच्या मनात नव्हते” हे पहिले. “घर हेच पंढरपूर” हे दुसरे. “आपली तेवढी योग्यता नाही” हे तिसरे. ही वाक्ये खोटी आहेत असे मी म्हणत नाही. आजारी आईजवळ थांबलेल्या मुलाने दुसरे वाक्य म्हटले तर ते शोभते. पण स्टँडवरून गुपचूप परतलेल्या माणसाने म्हटले, की ते पांघरूण होते.

मला तर आणखी एक पांघरूण मिळाले. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. पिढ्यान्‌पिढ्या वारी न चुकवलेल्या घरांतील माणसे तेव्हा दारात बसून रडली, आणि मला, सांगायला संकोच वाटतो, पण मला हायसे वाटले. सगळ्यांचीच वारी राहिली, म्हणजे माझी राहिलेली त्यांत झाकली गेली. असे हायसे वाटले तर समजावे की, अजून पहिल्या पायरीचे काम व्हायचे आहे.

३. एका माणसाला खरे सांगा

हा माणूस शक्यतो दिंडीतला असावा. दिंडीप्रमुख महाराजांशी बोलण्याचा धीर होत नसेल तर विणेकऱ्यांशी, म्हणजे दिंडीत वीणा घेऊन चालणाऱ्यांशी, किंवा ज्यांच्याबरोबर चाललात त्यांच्यापैकी एखाद्या वडीलधाऱ्या बाईंशी बोलावे. फोनवर बोललात तरी चालेल, पण मेसेज पाठवून मोकळे होऊ नये.

मी २०२१च्या कार्तिकात आमच्या दिंडीच्या विणेकरी बाबांना भेटले आणि आधी फोडांचेच सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “ताई, वाल्ह्यापर्यंत आलेलं माणूस पायापायी परत जात नाही. काय झालं होतं?” मग मी बोचक्याचे सांगितले. ते हसले नाहीत, की त्यांनी समजूतही घातली नाही. एवढेच विचारले, “समाजआरतीला तुम्ही होता ना? मग टाळ का नाही वाजवला?”

त्यांचा प्रश्न समजण्यासाठी समाजआरती पाहिलेली असावी लागते. पालखी तळावर पोहोचली की सगळ्या दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगांचा असा कल्लोळ असतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. इतके, की दूरच्या झाडावरचा कावळाही ऐकू येतो. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती थांबत नाही. तिचे टाळ त्या शांततेत वाजतच राहतात. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते, आणि ते मिटल्यावरच ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची घोषणा होते, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि आरती होते.

हे दृश्य मी जेजुरीला डोळ्यांनी पाहिले होते आणि त्याचे मला कौतुकही वाटले होते. तक्रार असलेल्याने उठून जायचे नाही, जागेवर उभे राहून सर्वांसमक्ष टाळ वाजवायचा, हा वारीचा जुना रिवाज आहे. आणि मी दुसऱ्याच रात्री तोंड मिटून बसले व सकाळी पळाले. आपण सात्त्विक आहोत म्हणून गप्प राहिलो, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी भित्री होते.

लाज वाटत असेल तर संतांच्या मेळ्यातील मडक्यांची कथा आठवावी. गोरोबाकाकांनी थापटण्याने प्रत्येकाच्या डोक्यावर थापटून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे ते पाहिले. बाकीचे शांत बसले, नामदेव मात्र चिडले, आणि सर्वांसमोर कच्चे ठरले. नामदेव तिथून उठून गेले खरे, पण गेले ते थेट विठ्ठलापुढे गाऱ्हाणे घेऊन. विठ्ठलाने त्यांची बाजू घेतली नाही. गुरू करण्यासाठी विसोबा खेचरांकडे पाठवले. मला या कथेत नेहमी विठ्ठलापाशी झालेले ते गाऱ्हाणे जवळचे वाटते. नामदेवांनी अपमान गिळून घरी बसायचे ठरवले असते, तर विसोबांची भेट झालीच नसती. पंढरपूरच्या महाद्वारात आज ज्या पायरीवर प्रत्येक जण डोके टेकवतो, ती नामदेव पायरी.

४. घरचा नेम लहान करून पुन्हा धरा

वारी अर्धी राहिली की पुष्कळदा त्यासोबत घरचा हरिपाठही सुटतो. कारण सरळ आहे. ताटावर बसल्यावर जसे सावकाराचे तोंड आठवावे, तसे हरिपाठाला बसले की वाल्हे आठवते. माझा नेम दोन वर्षे सुटला होता.

पुन्हा धरताना जो चुकला त्याच्यापेक्षा मोठा नेम घेऊ नये. हा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो: आता भरपाई म्हणून अनवाणी चालेन, निर्जळी एकादशी करीन, रोज ज्ञानेश्वरीचा एक अध्याय वाचीन. दंड म्हणून घेतलेला नेम पंधरा दिवसांत मोडतो आणि मग पहिल्या अपयशावर दुसऱ्याची भर पडते. मी सुरुवातीला रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर हरिपाठाचे फक्त तीन अभंग म्हणत असे. महिनाभर ते टिकल्यावर नऊ केले, आणि पूर्ण हरिपाठावर येईपर्यंत माघ उजाडला.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट म्हणू नये. चुकलेला दिवस कॅलेंडरवर फुलीने नोंदवावा आणि नेहमीचेच म्हणावे. माझ्या २०२२च्या कॅलेंडरवर फेब्रुवारीत सहा फुल्या आहेत.

तुळशीची माळ घालण्याची घाईही या काळात करू नये. माळेबरोबर मांसाहार आणि मद्य सोडण्याचा, एकादशीचा आणि वारीचा संकल्प येतो. मन सावरण्यासाठी म्हणून ती घालणे बरे नव्हे. जे आधीच माळकरी आहेत त्यांनी मात्र वारी अर्धी राहिली म्हणून माळ उतरवू नये. हा प्रश्न ज्यांच्या हातून माळ घातली त्यांनाच विचारावा.

५. एका दिवसाची वारी करून पाहा

थेट वीस दिवसांसाठी निघण्याआधी कार्तिक वद्य एकादशीला आळंदीला जाऊन यावे. गर्दी, रांग, धर्मशाळेतली जागा आणि अनोळखी माणसांचा शेजार, हे सगळे तिथे एका दिवसात अनुभवायला मिळते. पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांनी दिवेघाट एकदा आपला आपण चालावा. पालखीच्या वाटेवरील पुणे ते सासवड हा सर्वांत लांबचा टप्पा, तीस किलोमीटरहून अधिक, त्यातच घाटाची चढण, आणि त्या दिवशी बहुधा एकादशी असल्याने पोटात साबुदाण्याशिवाय काही नसते. तो टप्पा आधी पायांखालून गेलेला असला की पुढचे सगळे टप्पे त्याहून सोपे आहेत, हे पायांना ठाऊक असते.

चालण्याचा सराव चैत्रापासून सुरू करावा. रोज पाच किलोमीटर, आणि आठवड्यातून एकदा पंधरा. हाताशी दोन-अडीच महिने असले की पुरे.

६. दिंडी तीच की दुसरी?

शक्य असेल तर त्याच दिंडीत जावे. नव्या दिंडीत तुम्हाला कोणी ओळखत नाही, हे सुखाचे वाटते, पण नवी दिंडी म्हणजे नवे टँकर आणि नव्या राहुट्या. शेजारीण तिथेही असतेच. मात्र दिंडीतच खरोखर अव्यवस्था असेल, बायकांसाठी आडोसा नसेल किंवा आजारी माणसाकडे कोणी पाहत नसेल, तर बदलावी. त्यात कमीपणा नाही.

भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, भरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: राहुटीत किती जण असतात, सामानाचा ट्रक तळावर साधारण किती वाजता पोहोचतो, पाण्याची सोय कशी आहे, आणि अडचण आली तर कोणाला सांगायचे. चौथ्या प्रश्नाला एका माणसाचे नाव मिळाले पाहिजे. “अडचण येतच नाही” असे उत्तर आले, तर त्या दिंडीत जाऊ नये.

दिंडीचा क्रमांक पालखीच्या रथाच्या पुढे आहे की मागे, तेही नीट लिहून घ्यावे. रथापुढे सत्तावीस दिंड्या असतात, मागे त्याहून पुष्कळ; आणि दुपारच्या विसाव्यानंतर चुकलेला माणूस केवळ “आमची दिंडी पाचवी” एवढ्यावर सापडत नाही.

७. कागदपत्रे आणि साहित्य

– आधार कार्ड आणि त्याची एक झेरॉक्स, दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत.
– घरच्या दोन जणांचे, दिंडीप्रमुखांचे आणि ट्रकचालकाचे फोन नंबर, कागदावर लिहिलेले. मोबाईल बंद पडतो किंवा हरवतो.
– डॉक्टरांची अलीकडची चिठ्ठी, रक्तगट, आणि वीस दिवस पुरतील एवढी रोजची औषधे. मधुमेह असेल तर पायांची तपासणी निघण्यापूर्वी करावी आणि रोज रात्री तळवे उजेडात पाहावेत.
– दोन महिने वापरलेली पादत्राणे. कोरी कधीही नाही.
– दोन जोड कपडे, पंचा, जाड प्लॅस्टिकचा कागद, सुतळी, विजेरी, ताट-वाटी-तांब्या, ओआरएसच्या पुड्या, खोबरेल तेल, कापूस व चिकटपट्टी. फोड आला तर फोडू नये, झाकावा.
– हरिपाठाची लहान पुस्तिका आणि स्वतःचा टाळ.
– पहिल्या पायरीत लिहिलेले ते पान.

प्लॅस्टिकचा कागद अंगावर घेण्यासाठी नाही; बोचके त्यात गुंडाळून बांधायचे. २०१९ साली माझ्याकडे तो असता, तर राहुटीची ओली बाजू कोणती याने काही बिघडले नसते. अध्यात्मातील काही अडचणी सहा फूट प्लॅस्टिकने सुटतात, हे मला उशिरा कळले.

८. जिथून परतलात तो मुक्काम

त्या मुक्कामाच्या दोन दिवस आधीपासून पोटात गोळा येतो, हे धरून चालावे. मला जेजुरीपासूनच झोप लागेना. खंडोबाचा भंडारा अंगावर घेतला तरी डोक्यात वाल्हेच होते. त्या दिवसाची आखणी आधी करून ठेवावी: सकाळीच विश्वासाच्या माणसाला सांगावे की, आज माझ्याबरोबर चाला, दुपारी पोटभर जेवावे, तळावर पोहोचल्यावर एकटे बसू नये, स्वयंपाकाच्या बायकांत जाऊन भाकरी थापायला किंवा निदान भाजी निवडायला बसावे.

२०२२ साली वाल्ह्याला पाऊस नव्हता. त्याच आजी राहुटीत होत्या. तीन वर्षांत त्यांचे गुडघे गेले होते आणि उठता-बसता त्यांना हात द्यावा लागे. मी त्यांना ती रात्र आठवते का असे विचारले. त्यांना आठवत नव्हती. “वळकटी व्हय? सरकवली आसंल बाई,” म्हणाल्या, आणि माझ्याकडून पायाला तेल लावून घेतले. मला त्यांच्याकडून क्षमा हवी होती, निदान शरमेचा एखादा शब्द. तो मिळाला नाही. तुम्हालाही बहुधा मिळणार नाही. त्या अपेक्षेने निघू नये. दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत एक जण पुढे घुसली, तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, “माऊली, रांग मागून आहे.” ती मुकाट्याने मागे गेली. एवढेच झाले.

त्यानंतर नीरेच्या काठावर पादुकांचे स्नान पाहिले. स्टँडकडे जाणारा रस्ता डावीकडे की उजवीकडे, हेही मला त्या वेळी आठवेना.

९. पुन्हा थांबावे लागले तर

तसे होऊ शकते, आणि पहिल्या वेळी केलेली चूक दुसऱ्या वेळी टाळता येते. ताप, छातीत दुखणे, न थांबणारे जुलाब किंवा पायाची चिघळलेली जखम असेल तर श्रद्धेची परीक्षा पाहत बसू नये. जवळच्या आरोग्य पथकाकडे जावे किंवा १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. घरी अडचण आली तरी थांबावे. मात्र थांबण्याची रीत पाळावी. दिंडीप्रमुखांना किंवा विणेकऱ्यांना समोर जाऊन सांगावे, विण्याच्या पाया पडावे, कारण आहे तेच सांगावे, आणि सामान ट्रकमधून स्वतः उतरवून घ्यावे. कोणत्या गावापर्यंत चाललात ते वहीत लिहावे. घरी पोहोचल्यावर आषाढी एकादशीपर्यंत रोज त्या दिवसाच्या मुक्कामाचे नाव घेऊन हरिपाठ म्हणावा: आज तरडगाव, आज फलटण, आज बरड, आज नातेपुते. १० जुलै २०२२ रोजी एकादशीच्या दिवशी मी पंढरपुरात होते. आमच्या दिंडीतील एक काका मात्र माळशिरसहून तापाने परतले होते. त्यांनी घरी असेच केले, आणि पौर्णिमेला गोपाळकाल्यानंतर पुढच्या वर्षीच्या भिशीसाठी त्यांचा फोन सर्वांत आधी आला.